मोबदल्याला मदत म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या खान्देश आवृत्तीत एकाच पानावर तीन बातम्या होत्या. रस्त्यात जमीन गेलेल्या शेतकऱ्यांची एक, वादळात केळी आडवी झालेल्या बागायतदारांची दुसरी आणि ट्रकच्या धडकेत गेलेल्या एका मजुराच्या कुटुंबाची तिसरी. तिन्ही ठिकाणी पैशाला शब्द एकच वापरलेला: मदत. पहिल्या बातमीत तर मथळ्यात मदत, आत भरपाई आणि शेवटच्या ओळीत अनुदान, अशी एकाच रकमेला तीन नावे होती. त्यासाठीच हे पत्र लिहिते आहे. शुद्धलेखनाविषयी माझी तक्रार नाही. या शब्दांच्या सरमिसळीत आमच्याकडच्या माणसांचे हक्क बुडतात, हे मी माझ्या कामामुळे जवळून पाहते.

मी अमळनेरला राहते. इंग्रजी करारनामे, निवाडे आणि वकिलांच्या नोटिसा फ्रेंचमध्ये नेणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. फ्रेंच शिकले पुण्यात, रानडे इन्स्टिट्यूटला. लग्नानंतर इकडे आले आणि घरूनच हे काम करू लागले. पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच भाषक देशांना पंप, पाइप, यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांचे कागद माझ्याकडे येतात. माल बिघडला, उशिरा पोहोचला, करार मोडला तर कोणी कोणाला काय द्यायचे, ही त्या कागदांतली सगळ्यात नाजूक कलमे. तिथे एक शब्द इकडचा तिकडे झाला तर लाखोंचा दावा उभा राहतो किंवा कोसळतो.

इंग्रजीत 'डॅमेज' म्हणजे नुकसान, आणि 'डॅमेजेस' म्हणजे त्या नुकसानीपोटी न्यायालय द्यायला लावते तो पैसा. फ्रेंचमध्ये नुकसानीला 'दोमाज' म्हणतात आणि पैशाला 'दोमाज-एंतेरे'. यातल्या 'एंतेरे'चा बाजारातला अर्थ व्याज, पण इथे व्याजाचा काही संबंध नाही. झालेला तोटा आणि हुकलेला नफा, दोन्ही त्या जोडशब्दात धरलेले आहेत, आणि फ्रेंच दिवाणी संहितेच्या कलम १२३१-२ मध्ये तसे स्पष्ट लिहिलेले आहे. 'इन्डेम्निटी'चेही तसेच. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात ती दुसऱ्याचे नुकसान आपल्या अंगावर घेण्याची हमी आहे. फ्रेंच 'अँदेम्निते' मात्र भरपाईच्या कुठल्याही रकमेला चालते. दंडाच्या कलमात तर तीन देशांचे तीन कायदे आहेत. करार मोडणाऱ्याला जरब बसावी म्हणून लिहिलेला बेसुमार दंड इंग्लंडचे न्यायालय वसूल करू देत नाही. फ्रान्समध्ये 'क्लोझ पेनाल' वैध असते, रक्कम अवाजवी वाटली तर न्यायाधीश ती कमी-जास्त करतो. आपल्याकडे करार कायद्याचे कलम ७४ म्हणते की आकडा लिहिलेला असला तरी त्या मर्यादेत वाजवी असेल तेवढेच मिळेल. त्यामुळे 'पेनल्टी' दिसली की डोळे मिटून 'क्लोझ पेनाल' लिहिता येत नाही. आधी कोणत्या देशाचा कायदा लागू आहे ते पाहावे लागते.

याहून अवघड शब्द 'रेमेडी'. ९ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या तरतुदीला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले, ते आजचे कलम ३२ या शब्दाभोवतीच आहे. १९३७ साली कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आलेले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्काम केलेले बाबासाहेब पक्के वकील होते. हक्क कागदावर असून भागत नाही, तो मोडला तर कुठे जायचे हेही लिहून ठेवावे लागते, हे त्यांना ठाऊक होते. त्या भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या आठव्या कलमातल्या इंग्रजी 'रेमेडी'ला फ्रेंच मजकुरात 'रकूर' आहे, म्हणजे दाद मागण्याची वाट. कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेत कलम २४ मध्ये इंग्रजी शब्द तोच आहे, पण फ्रेंच शब्द 'रेपारासियों', म्हणजे न्यायालयाने पदरात घातलेले निवारण. एका शब्दात दार आहे, दुसऱ्यात दारातून आत गेल्यावर मिळणारी वस्तू. आपण शाळेत 'घटनात्मक उपाययोजनेचा अधिकार' पाठ करतो. त्या उपाययोजनेत दार आणि वस्तू दोन्ही एकत्र बांधून टाकलेली आहेत.

आता आपल्या शिवारात येते.

शेजारच्या गावचे एक काका भूसंपादनाचे कागद घेऊन माझ्याकडे आले. मी वकील नाही, पण इंग्रजी कागद वाचते हे आसपास माहीत आहे. पैसे त्यांच्या खात्यात जमा होऊन गेले होते. त्यांना फक्त हिशेबाचा तक्ता समजून घ्यायचा होता. बोट ठेवून म्हणाले, "ताई, हाई काय लिखेल शे?" तक्त्यात जमिनीच्या किमतीखाली तेवढाच आकडा पुन्हा होता, आणि त्यापुढे लिहिले होते 'दिलासा रक्कम १०० टक्के'. काकांचा समज असा की सरकारने दया येऊन दुप्पट दिले. गावातही ते तसेच सांगत होते.

ही रक्कम दयेची नाही. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यात तिचे कारण सरळ लिहिले होते: संपादन सक्तीचे आहे म्हणून. विकायची इच्छा नसताना जमीन घेतली, त्याबद्दल किमतीवर अधिक देणे. ती आधी १५ टक्के होती, १९८४ च्या दुरुस्तीने ३० टक्के झाली आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने १०० टक्के. इंग्रजीत तिला 'सोलेशियम' म्हणतात. मराठीत 'दिलासा' म्हटले की डोळे पुसल्यासारखे वाटते, आणि सक्तीचा मुद्दा शब्दातून गळून पडतो. फ्रेंचमध्ये नेताना हाच शब्द मला फार छळतो. क्युबेकच्या वाचकाला 'सोलेशियम' म्हटले तर त्याला आप्ताच्या मृत्यूच्या दुःखाबद्दलचे पैसे आठवतात. तिथल्या कायद्यात 'सोलेशियम दोलोरिस' तेच आहे, आणि कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ते मान्य केले. फ्रान्समधल्या वाचकाला १७८९ च्या हक्कनाम्यातली 'न्याय्य आणि आगाऊ अँदेम्निते' माहीत असते. शिवाय त्यांच्याकडे जमीन गेलेल्याला दुसरी मालमत्ता घेण्याच्या खर्चापोटी वेगळी रक्कम मिळते, तिचे नाव 'अँदेम्निते द रांप्लुआ'. आपली दिलासा रक्कम यांपैकी कशातच बसत नाही. म्हणून मी फ्रेंचमध्ये एक पूर्ण वाक्य लिहिते: सक्तीने संपादन केल्याबद्दल किमतीवर कायद्याने द्यायची जादा रक्कम. जागा जास्त लागते, पण वाचणाऱ्याची दिशाभूल होत नाही. मराठी तक्त्यातही हे वाक्य बसेल.

त्याच कागदांत तळाशी पावती होती. छापील मजकूर असा: 'सदर रक्कम मी राजीखुशीने, कोणतीही तक्रार न ठेवता स्वीकारत आहे.' खाली काकांची सही. कार्यालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण असा मजकूर एकाच ठिकाणी छापला जातो असे मला वाटत नाही. या ओळीची किंमत काय ते सांगते. जुन्या कायद्यात होते आणि नव्यातही आहे की ज्याने हरकत न नोंदवता पैसे उचलले, त्याला मोबदला वाढवून मिळण्यासाठी संदर्भ अर्ज, म्हणजे प्रकरण फेरनिर्णयासाठी पुढे पाठवा असा अर्ज, करता येत नाही. हरकत नोंदवून पैसे घेण्याला वकील 'अंडर प्रोटेस्ट' म्हणतात. कोणी 'हक्क राखून' लिहितात, कोणी 'हरकत कायम ठेवून'. शब्द कोणताही चालेल, पण तो सहीच्या शेजारी हवा. काकांच्या बांधाला बांध लागून त्यांच्या पुतण्याचा गट आहे. त्याने 'हरकत राखून स्वीकारले' एवढेच पेनाने लिहिले आणि सही केली. त्याचे प्रकरण आज अशा अर्जांचा निर्णय करणाऱ्या प्राधिकरणापुढे आहे. जमीन त्याच मातीची, विहिरी सारख्याच, दरही एकच लावलेला. काकांना मात्र तो अर्ज करता येत नाही, आणि पावतीवर सही घेताना त्यांना हे कोणी सांगितले नाही.

या अर्जाच्या मुदतीचीही तीच गत. जिल्हाधिकाऱ्यांचा मोबदल्याचा निवाडा जाहीर होताना हजर असाल तर त्या तारखेपासून सहा आठवडे. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. नव्या कायद्यात सबळ कारण दाखवले तर पुढे एका वर्षापर्यंत जिल्हाधिकारी अर्ज घेऊ शकतात, पण ते त्यांच्या समाधानावर आहे. काकांना मिळालेली नोटीस मी ओळ न ओळ वाचली. 'विहित मुदतीत विहित प्राधिकाऱ्याकडे उचित उपाय अनुसरता येईल' असे एक वाक्य त्यात होते. मुदत किती, प्राधिकारी कोण, उपाय कोणता, तिन्हींपैकी एकही गोष्ट नाही. इंग्रजी मसुद्यातली 'रेमेडी' उचलली आणि 'उपाय' म्हणून ठेवून दिली. शेतकऱ्याने त्यातून काय समजायचे?

काकांना एक रस्ता अजून आहे, तोही इथे लिहिते, कारण तो अनेकांच्या कामाचा आहे. एकाच अधिसूचनेखाली गेलेल्या जमिनींपैकी कुणाचा मोबदला प्राधिकरणाने वाढवला, तर ज्यांनी स्वतः अर्ज केला नव्हता तेही त्या निकालाच्या तारखेपासून तीन महिन्यांत फेरनिश्चितीची मागणी करू शकतात. म्हणून पुतण्याच्या तारखा काकांनी पाठ ठेवाव्यात असे मी त्यांना सांगितले आहे.

महामार्गाची गोष्ट आणखी वेगळी. तिथे १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा चालतो. सक्षम प्राधिकारी रक्कम ठरवतो, ती मान्य नसेल तर केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जायचे, आणि लवादाचा निर्णय पटला नाही तर १९९६ च्या लवाद कायद्याखाली जिल्हा न्यायालयात. आपल्या बातमीत 'शेतकरी वाढीव मदतीसाठी न्यायालयात जाणार' असे होते. ते वाचून एखाद्याने थेट न्यायालय गाठले तर त्याचे महिने वाया जातील. या कायद्याखाली दिलासा रक्कम आणि व्याज पूर्वी नाकारले जाई. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तरसेमसिंग प्रकरणात तो भेदभाव रद्द केला. आमच्याकडे धुळे-जळगाव रस्त्याने जमिनी घेतल्या, सोलापूर-धुळे रस्त्याने घेतल्या. कोणता कायदा, हे बातमीत एका ओळीत आले तरी शेतकऱ्याला योग्य माणसाकडे जाता येईल.

केळीबद्दल थोडेच लिहिते, कारण रावेर-यावलचे बागायतदार माझ्यापेक्षा जास्त जाणतात. हवामान आधारित फळपीक विम्यात थंडीचे किंवा उष्णतेचे पैसे हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतात. पारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे ठरलेले दिवस राहिला की ठरलेली रक्कम. बागेत प्रत्यक्ष किती झाडे गेली ते तिथे मोजत नाहीत. हे करारातले येणे आहे आणि शेतकऱ्याने त्यासाठी हप्ता भरलेला आहे. ते मिळाले नाही तर ग्राहक आयोगापर्यंत जाता येते. वादळानंतर पंचनामे होऊन आपत्ती निधीतून मिळते ती मदत, तिचे दर हेक्टरी आणि सरकारने ठरवलेले. दोन्ही एकाच हंगामात मिळू शकतात. 'केळी उत्पादकांना मदत जाहीर' असा मथळा वाचून विम्याची चौकशीच न करणारे लोक मला माहीत आहेत. अपघाताच्या बातमीत हाच घोटाळा होता. मुख्यमंत्री सहायता निधीचा धनादेश ही मदत. मोटार अपघात न्यायाधिकरणाकडून मिळते ती भरपाई, आणि पहिली घेतल्याने दुसरीचा हक्क जात नाही. त्या मजुराच्या बायकोला हे कोणी सांगितले असेल का, याची मला खरोखर काळजी वाटते.

नंदुरबारचा उल्लेख केल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे आली. तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने पंचवीस टक्क्यांहून जास्त जमीन बुडणाऱ्या कुटुंबाला जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, ठरवून दिली. फ्रेंच कायद्यात याला नेमकी जागा आहे. पैशाने भरून देणे वेगळे, आणि वस्तूच्या जागी तशीच वस्तू देणे वेगळे. दुसऱ्याला ते 'रेपारासियों आं नात्युर' म्हणतात. डोंगरातल्या भिल्ल-पावरा कुटुंबांनी जमीनच मागितली, रोख रक्कम नको म्हणून वर्षानुवर्षे लढली, आणि तळोद्याचे जंगल मोकळे करून वसाहती बसल्या. या लोकांना बातम्यांत 'लाभार्थी' म्हटलेले मी वाचले आहे. ज्याचे घर आणि शेत पाण्याखाली गेले त्याला दिलेली जमीन हा लाभ कसा? हा शब्द तरी आपण कायमचा काढून टाकावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कॅनडाने यावर काय केले ते सांगते, कारण तिथली परिस्थिती आपल्याशी मिळतीजुळती होती. कायदा इंग्लंडहून आलेला, इंग्रजीत घडलेला, आणि न्यू ब्रन्सविकसारख्या प्रांतातल्या फ्रेंच भाषकांना तो आपल्या भाषेत हवा होता. १९७८ साली मोंक्तोन विद्यापीठात हा कायदा फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली, आणि लवकरच कायद्याच्या परिभाषेचे केंद्र तिथेच उभे राहिले. एकेका इंग्रजी संज्ञेचे वेगवेगळे अर्थ सुटे करायचे, प्रत्येकाला फ्रेंच शब्द ठरवायचा, तो का ठरवला ते लिहून ठेवायचे, असे काम तिथे झाले. कॅनडाच्या केंद्र सरकारचे कायदे सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून दोन मसुदाकार शेजारी बसून दोन भाषांत लिहितात. एकाचा अनुवाद दुसरा करत नाही, आणि दोन्ही मजकूर कायद्याने सारखेच अधिकृत.

आपल्याकडे १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे, भाषा संचालनालय आहे, त्याचा न्यायव्यवहार कोश आहे. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. अपील मात्र संभाजीनगरच्या खंडपीठात इंग्रजीत चालते, म्हणून आमचे कागद मराठीतून इंग्रजीत जातात आणि निकाल इंग्रजीतून परत येतो. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०१९ पासून 'सुवास' नावाच्या यंत्रप्रणालीच्या मदतीने भारतीय भाषांत येऊ लागले आहेत. यंत्राला मराठी शब्द माणसांनी लिहिलेल्या मजकुरातूनच मिळणार. नव्या भूसंपादन कायद्याच्या अधिकृत मराठी नावात 'वाजवी भरपाई' आहे, कार्यालयात त्यालाच 'मोबदला' म्हणतात, मराठवाड्यात 'मावेजा', आणि वर्तमानपत्रात 'मदत'. पहिल्या तीन शब्दांचे मला काही वाटत नाही, ते हक्काच्याच रकमेची नावे आहेत. चौथा चुकीचा आहे.

म्हणून आपल्याकडे मागणे एवढेच. पैशाची बातमी देताना तो कोण देतो, कोणत्या कायद्याने किंवा योजनेने देतो, कमी वाटला तर कुठे जायचे आणि किती दिवसांत, हे बातमीखाली चौकटीत द्यावे. चार ओळी पुरतात. जाहीर नोटिसा आपल्याच पानांवर पैसे घेऊन छापल्या जातात. मुदत आणि अर्ज कुणाकडे करायचा हे ठळक टाइपात द्यायला आपण संबंधित कार्यालयांना सांगू शकता, वाचकाच्या पत्रापेक्षा आपल्या शब्दाला वजन आहे. पावतीवर 'हरकत राखून / हरकत नाही' असे दोन पर्याय छापावेत, ही मागणी मी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी करणार आहे. त्या अर्जाची प्रत आपल्याला पाठवीन.

चौकट करायचे ठरले तर मसुदे तपासून द्यायला मी आणि अमळनेरात वकिली करणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणी तयार आहोत, मोबदल्याशिवाय. मे-जूनची वादळे सुरू होण्याआधी केळीची चौकट छापून आली तर रावेर, यावल आणि चोपड्याच्या बागायतदारांना ती वेळेवर हाती पडेल.

आपली नियमित वाचक,
एक अनुवादक,
अमळनेर, जि. जळगाव